दोन बोटं जास्त

माझ्या मुलीच्या पायांचं माप द्यायच्या दिवशी मी तिला लोकरीचे दोन मोजे एकावर एक घातले, आणि माप घेणाऱ्या माणसाला सांगितलं की मॅडमनी मोज्यांवरूनच माप घ्यायला सांगितलंय. मॅडमनी तसं काहीही सांगितलं नव्हतं.

हे आधीच सांगून मोकळा होतो. कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे, आणि तुम्ही मध्येच म्हणाल, हा कोण लागून गेलाय. तर हा असा आहे.

पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश ही माझी खासियत. उन्हाळ्यात आया पोरांना घेऊन येतात, पोराला माझ्यापुढे ढकलतात आणि म्हणतात, "मास्तर, जरा वाढत्या मापाचा शिवा." खरं तर मला सांगावं लागत नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो, ती मी सढळ हाताने सोडतो. प्रत्येक मापात दोन बोटं जास्त धरतो. खालची दुमड चार बोटं घेतो आणि तिला नुसता कच्चा टाका घालतो, म्हणजे पुढच्या वर्षी टाका ओढला की फ्रॉक लांब. आमच्या गल्लीतलं पोर पहिलीत असतं तेव्हा तिसरीतल्या भावाचे कपडे घातल्यासारखं दिसतं. तिसरीत गेलं की जरा मापात येतं, आणि चौथीत त्याच्या पोटऱ्या उघड्या पडतात. म्हणजे चार वर्षांत एक वर्ष ते व्यवस्थित दिसतं. या कामगिरीचा मला वीस वर्षं अभिमान होता.

मुलगी माझी सात वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते औषधाचं नाव वाटलं, आणि मी डॉक्टरांना विचारलं, जेवणाआधी द्यायचं की नंतर. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी ताबडतोब माझी चप्पल शोधायला लागलो.

जन्मल्यावर ती रडलीच नाही लवकर. त्या थोड्या वेळात मेंदूला हवा कमी पडली आणि हातापायांना हुकूम सोडणाऱ्या भागाला इजा झाली. डोकं मात्र एकदम तल्लख. पाय ताठ, टाचा वर उचललेल्या, आणि उभं केलं की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. जीभही तिच्या हुकमात नाही. एकेक शब्द ती लांबून ओढून आणते, आणि तोपर्यंत समोरच्या माणसाने दुसराच विषय काढलेला असतो. त्यामुळे लोकांना वाटतं तिला समजत नाही. मला विचारतात, "हिला नाव विचारलेलं कळतं का?" तिच्या समोर विचारतात. असल्या एका बाईंच्या ब्लाउजच्या बाह्या मी एकदा मुद्दाम घट्ट शिवल्या होत्या. त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही.

नऊ महिन्यांची होऊनही ती बसेना. ज्यांच्याकडे आम्ही जायचो ते बालरोगतज्ज्ञ म्हणाले, काही मुलं उशिरा बसतात, मोठी झाली की होईल. वर्षाची झाली. मोठी झाली की होईल. दीड वर्षाची झाली तरी तेच. सगळ्यात कामाचा काळ तोच असतो, तेव्हा मेंदू नवीन वाटा लवकर धरतो, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही तिला उचलून पळत सुटलो असतो. सांगितलं नाही. त्या माणसाच्या भिंतीवर मुलांनी कितव्या महिन्यात काय करावं याचा रंगीत तक्ता लावलेला होता. त्याच्याच खाली बसून तो हे बोलायचा. आजही त्या रस्त्याने जाताना मी स्कूटरचा हॉर्न जरा जास्त वाजवतो. त्याने त्याचं काही बिघडत नाही, पण माझं पचन सुधारतं.

मग नातेवाईक सुटले. एकाने मालिशवाला आणला, तो ताठ पाय जोर लावून सरळ करायचा आणि ती निळी पडेपर्यंत रडायची. तीन दिवसांनी बायकोने त्याला दारातूनच परत पाठवलं. मामांनी त्र्यंबकेश्वरला ग्रहांची शांत करायला सांगितली, तीही केली. मुलीला बसची खिडकी फार आवडली, बाकी पायांना काही कळलं नाही. पुढे एका हॉटेलच्या हॉलमध्ये बाहेरगावचा एक सुटाबुटातला माणूस आला. तीन वेळा सुई टोचली की मूल पळायला लागेल, असं तो पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता. हॉलमध्ये आमच्यासारखे किती आईबाप बसले होते, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक मान टाकलेलं लेकरू. शेवटी त्याने विचारलं, नाव कोण नोंदवणार. माझा हात वर गेलाच होता. बायकोने तो मनगटाला धरून खाली आणला आणि उभी राहून विचारलं, "तुमच्या सुईने पळायला लागलेलं एक तरी मूल इथे आणलंय का?" आणलं नव्हतं. आम्ही निघालो. जिन्यात मी म्हणालो, मी पण हेच विचारणार होतो. ती म्हणाली, हात वर करून?

असे भटकत आम्ही त्या मॅडमकडे पोचलो. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, मुलांचे हातपाय चालवायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. केंद्र एका इमारतीच्या तळमजल्यावर, खाली मोठमोठ्या गाद्या. पहिल्याच दिवशी त्यांनी जमिनीवर बसून मुलीशी अर्धा तास गप्पा मारल्या. म्हणजे प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. असं थांबलेलं माणूस आम्ही तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

मग आमच्याकडे वळून त्यांनी जे होतं ते सांगितलं. हे बरं होणारं दुखणं नाही. मेंदूला झालेली इजा वाढणार नाही, जाणारही नाही. पण हाडं वाढतात आणि ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून लक्ष दिलं नाही तर पाय वाकडे होत जातात. रोज ताणायचं, रोज उभं करायचं, पायांना आधाराचे स्प्लिंट घालायचे. गरज पडली तर पोटरीत इंजेक्शन, ज्याने स्नायू काही महिने सैल राहतो. बोलण्यासाठी वेगळ्या बाई आहेत, हाताच्या कामासाठी वेगळ्या. दिव्यांगाचा दाखला काढा, सवलती घ्या, शाळेत घाला. लवकर घाला.

एवढं साधं बोलणं ऐकायला आम्हाला साडेतीन वर्षं लागली होती. आणि हे सगळं ज्या शहरात मिळत होतं, त्याच शहरात आम्ही मालिशवाल्याला चहा पाजत होतो.

शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तिथल्या निम्म्या पोरांचे गणवेश माझ्या हातचे. मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो, तर त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अहो, तिला घ्यायचंच आहे आम्हाला. फक्त ती चालायला लागली की आणा." जशी काही ती आळसाने चालत नव्हती.

तेव्हा मला राग आला नाही, हे माझं दुसरं पाप. मला वाटलं, ठीकच आहे की. घरी येऊन मी मुलीला सांगितलं, तू चाललीस की शाळा. ती तेव्हापासून या एका गोष्टीच्या मागे लागली. दुकानात आईच्या स्टुलापासून माझ्या मशीनपर्यंतचं अंतर तिने ठरवलं. दोन हातांनी लोखंडी वॉकर धरायचा, ओठ चावायचे, एक पाय सोडवायचा, दुसरा सोडवायचा. पहिल्यांदा दोन पावलं पडली. मग चार. सहाव्या वर्षाच्या दिवाळीला ती अकरा पावलं टाकून मशीनपर्यंत आली आणि पायडलवर डोकं टेकून हसत बसली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी कापड उलटं कापून दिलं.

मॅडम म्हणाल्या, आता चांगले स्प्लिंट पाहिजेत, म्हणजे टाच खाली टेकेल. जूनपर्यंत पंचवीस पावलं होतील. शाळेच्या दारापासून पहिलीच्या वर्गापर्यंत मी मोजून आलो होतो. माझी बारा, म्हणजे तिची पंचवीस.

इथे ते मोजे येतात.

स्प्लिंट बनवणारा माणूस पायाला प्लॅस्टर गुंडाळून साचा काढतो आणि त्या साच्यावर प्लॅस्टिकचा बूट घडवतो. आम्ही दोघंही मापाचे कारागीर, त्यामुळे तो मला मास्तर म्हणायचा आणि चहा सांगायचा. मी त्याला म्हणालो, दादा, पोरगी वाढती आहे, जरा दोन बोटं जास्त ठेवा. तो म्हणाला, मास्तर, हा गणवेश नाही, नेमका बसायला पाहिजे. मी मान हलवली. मनात म्हटलं, याला धंदा कळत नाही. वर्षाच्या आत नवीन करायला लावेल. थंडीचे दिवस होते, मुलीच्या पायात मोजे घातले, त्यावर आणखी घातले, आणि मॅडमचं नाव खोटंच पुढे केलं. त्याच्याकडे त्या दिवशी मुलांची रांग होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोज्यांकडे, आणि मॅडमचं नाव ऐकून प्लॅस्टर भिजवलं. घरी येताना मी स्वतःवर इतका खूश होतो की गल्लीच्या तोंडाशी जिलबी घेतली.

स्प्लिंट आले. सैल होते. मी म्हणालो, आत अस्तर लावू. चांगल्या सुती कापडाच्या घड्या करून टाचेमागे बसवल्या, नीट शिवून. दिसायला फार सुंदर.

मुलगी म्हणाली, "टोचतं."

मी म्हणालो, नवीन आहे, सवय होईल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. एक शब्द बोलायला तिला किती कष्ट पडतात ते मला ठाऊक होतं, आणि ती तो शब्द आठ दिवस रोज बोलत होती. मी तिला म्हणालो, शाळेत जायचंय ना? मग ती बोलायची बंद झाली आणि ओठ चावून पावलं टाकायला लागली. अकरा. दहा. आठ. मला वाटलं, कंटाळा करतेय.

मॅडमनी पुढच्या खेपेला स्प्लिंट काढला. अस्तराची शिवण टाचेत घुसून आत लाल जखम झाली होती. माझी शिवण, बारीक, एका रेषेत, कुठेही टाका चुकलेला नाही.

त्यांनी साचेवाल्याला फोन लावला. स्पीकरवर. तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना मोज्यांवरून घ्यायला, मास्तर तसं म्हणाले. मॅडमनी फोन ठेवला. मी भिंतीवर रंगवलेले फुगे बघत होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलीच्या टाचेला मलम लावत राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादा, ती आज ज्या पायावर उभी राहते, त्या पायाचं माप लागतं. उद्याचा पाय उद्या घेऊन या."

जखम भरेपर्यंत स्प्लिंट बंद, उभं राहणं बंद. दीड महिना. तेवढ्यात पोटऱ्या पुन्हा आखडल्या, टाचा पुन्हा वर गेल्या. दीड महिन्यानंतर तिला वॉकरपाशी उभं केलं तेव्हा एक पाऊल पडलं. दुसऱ्याला पाय कात्रीत अडकले. तिने स्टुलापासून मशीनपर्यंतच्या फरशीकडे पाहिलं. रडली नाही. मला वाटतं, ती मोजत होती.

त्या दिवसांत मी ज्याच्यावर चिडता येईल त्याच्यावर चिडत होतो. स्वतःवर चिडून काय होतं, आपण आपल्याला लगेच माफ करतो. अशात कुणीतरी सांगितलं की एका मंगल कार्यालयात दिव्यांग मुलांना मोफत व्हीलचेअर वाटणार आहेत. मॅडम म्हणाल्या, घ्या. चालणं चालूच राहू दे, पण खुर्ची म्हणजे हरणं नाही. खुर्चीत बसून शाळेत जाता येतं.

सकाळी नऊला बोलावलं होतं. पाहुणे आले दुपारी तीनला. तोपर्यंत सगळी मुलं सतरंजीवर, काही आयांच्या मांडीवर आखडून गेलेली. आलेल्यांना संडासला जायचं तर तीन पायऱ्या उतरून आवारात मागे. तीन पायऱ्या. दिव्यांगांच्या कार्यक्रमात. स्टेजलाही पायऱ्या. स्टेजवर झेंडूच्या माळा इतक्या की फुलबाजार उचलून आणलाय असं वाटावं. मग एकेका मुलाला उचलून वर न्यायचं, खुर्चीत ठेवायचं, पाहुण्यांनी खुर्चीच्या दांड्याला हात लावायचा, फोटो, पुढचं मूल. मुलाशी एक शब्द नाही. एका पाहुण्याने माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, तेव्हा तिने तोंड उघडलं, काहीतरी सांगायला. तिचा शब्द तोंडाशी येईपर्यंत तो पुढच्या मुलाच्या गालाशी पोचला होता.

आणि खुर्ची. मी स्वतः बसून पाहिलं, मला ऐसपैस होत होती. एकच माप, सगळ्यांना. चार वर्षांच्या पोरालाही तीच. मुलगी तिच्यात ठेवली तर एका बाजूला कलंडली, पाय लोंबकळत, मान खांद्यावर. मी आयोजकाला विचारलं, लहान मुलांच्या मापाची नाही का? तो गोड माणूस होता, त्याच्या खिशाला बिल्ला होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अहो, वाढेल ना ती. मग पुरेल की दहा वर्षं."

यावर मी जे बोललो ते कार्यालयाच्या मागच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मी म्हणालो, तुम्ही तुमच्या मुलाला दहावीची पँट बालवाडीत घालता का. म्हणालो, ही आज सात वर्षांची आहे, हिची पाठ आज सात वर्षांची आहे, तुमच्या या खुर्चीत हिचा कणा वाकडा झाला तर दहा वर्षांनी ही खुर्ची सरळ करून देणार का. म्हणालो, मूल म्हणजे पुढे कधीतरी होणारं माणूस नाही, ते आत्ता बसलंय, आत्ता त्याला टोचतंय. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मागे दोन-चार बाप उठून उभे राहिले. एका आईने टाळी वाजवली.

आणि बोलता बोलता मला माझा आवाज ऐकू आला. हे वाक्य, ती वाढेल ना, मग पुरेल की, मी दुकानात दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्याच गोड आवाजात. बायको शेजारी मुलीला धरून उभी होती. तिने मुलीच्या टाचेवरच्या वणावर मोजा जरा नीट ओढला.

पण म्हणून माझा राग खोटा होता असं मी मानणार नाही. तोंड माझं चुकीचं असेल, पण बोलणं बरोबर होतं. त्या दिवशी सव्वाशे रुपयांची शाल पाहुण्यांच्या मापाची होती, फेटे डोक्याच्या मापाचे बांधले होते. मापाचं काही नव्हतं ते फक्त मुलांसाठी.

खुर्ची घेतली. नाकारली असती तर ती दुसऱ्या कुणाच्या पोराला वाकडं करत बसली असती. तशीच शाळेत घेऊन गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी कलंडलेल्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आधी नीट बसायला तरी शिकवा. आधी चालायला, आता बसायला. उद्या म्हणाल्या असत्या, आधी दहावी पास होऊ दे, मग पहिलीत घेऊ.

या वेळी मात्र मी ठीक आहे म्हणालो नाही. मॅडमनी सांगितलं होतं की अशा मुलाला शाळा नाही म्हणू शकत नाही, तसा कायदाच आहे, आणि शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षिका असतात. अशाच एक बाई शोधून, त्यांना घेऊन मी परत गेलो. त्या काही भांडल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि विचारलं, नकार लेखी देता का. मुख्याध्यापिका बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. जूनमध्ये या म्हणाल्या, पण खुर्चीत सरळ बसली पाहिजे, बाकीच्या मुलांना त्रास नको. कुठला त्रास ते विचारायला मी तोंड उघडलं, तर बायकोने माझा शर्ट मागून ओढला.

मॅडम म्हणाल्या, ही खुर्ची मोठी आहे तर तिच्या आत लहान खुर्ची बसवू. तुम्ही टेलर आहात ना. सुताराकडून फळ्या कापून घेतल्या, गादीवाल्याकडून कडक फोम आणला. मुलीला भिंतीशी ताठ बसवून मॅडमनी मला मापं घ्यायला लावली. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, काखेपर्यंतची उंची. आठ दिवस खपून मी जाड कापडाचं आवरण शिवलं, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, दोन बाजूंना उशा. मोठ्या ऐटीत नेलं. मॅडमनी मुलीला आत बसवलं, कमरेच्या दोन्ही बाजूंना हात घातला. हात आरामात गेला.

"दादा, किती सोडलंय?"

मी म्हणालो, नेमकं आहे. त्यांनी माझ्याच गळ्यातली टेप ओढून घेतली आणि मोजलं. दोन बोटं. दोन्हीकडे. शपथेवर सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. वीस वर्षं हात तसाच चालतो. घरी येऊन उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा नेलं. एका बाजूला नेमकं, दुसऱ्या बाजूला एक बोट जास्त. पुन्हा उसवलं. तिसऱ्या वेळी बायको मशीनपाशी टेप घेऊन बसली, तेव्हा जमलं. मुलीला आत बसवलं आणि पट्टे लावले. पाठ सरळ, पाय खालच्या फळीवर टेकलेले, मान वर. दोन्ही हात मोकळे. तिने ते हात पुढे घेऊन पाहिले, जणू पहिल्यांदाच मिळाले. मग माझी टेप ओढली आणि माझं नाक मोजलं.

दरम्यान हाडांच्या डॉक्टरांनी पोटऱ्यांत ती सैल करणारी इंजेक्शनं दिली, आणि नवीन स्प्लिंटसाठी पुन्हा साचा काढायला गेलो. साचेवाल्याने मुलीचे पाय उघडे करून दोन्ही तळवे नीट तपासले, बोटांच्या फटीसुद्धा. मग मला म्हणाला, मास्तर, तुम्ही बाहेर थांबा. चहा बाहेरच पाठवतो. खरंच पाठवला.

जूनपर्यंत पावलं चार झाली. पंचवीस नाहीत. माझ्या मोज्यांनी सात पावलं नेली आणि त्या दीड महिन्याने पुढची किती नेली ते मॅडमनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलीने स्वतःच ठरवलं. वर्गाच्या दारापर्यंत खुर्ची, आणि दारापासून पहिल्या बाकापर्यंत ती चालणार. चार पावलं. सगळ्यांच्या समोर.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी दुकानातली कापड बेतायची लांब फळी स्कूटरवर आडवी बांधून आधीच नेऊन ठेवली. शाळेच्या दाराला तीन पायऱ्या आहेत आणि उतार पुढच्या वर्षी होणार आहे, असं दर वर्षी सांगतात. पायऱ्यांवर फळी टाकली, शिपाईमामांनी एका बाजूने हात लावला, खुर्ची वर गेली. मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी असं हसलो की बायकोने मला कोपर मारलं. फिरत्या विशेष शिक्षिका आलेल्या होत्या. मॅडमही आल्या होत्या, केंद्र उघडायच्या आधी, वॉकर घेऊन. वर्गात चाळीसेक पोरं आणि दारात त्यांचे आईबाप.

मुलगी नवीन गणवेशात होती. निळा फ्रॉक, पांढरा ब्लाउज, मे महिन्याच्या धांदलीत, इतर पन्नास गणवेशांबरोबर मीच शिवलेला. आईने पट्टे सोडले, मॅडमनी तिला उभं केलं. तिने वॉकर धरला, ओठ चावला. वर्ग गप्प झाला. पोरं जेवढी गप्प होऊ शकतात तेवढी.

एक पाऊल. टाच टेकली. दुसरं. तिसऱ्याला पाय उचलताना स्प्लिंटचा चिकटपट्टा फ्रॉकच्या खालच्या कडेला चिकटला. कच्चा टाका होता, तो एका ओढीत सरसर निघाला, आणि आत दुमडलेलं चार बोटं कापड तिच्या पायांवर सोडल्यासारखं उतरलं. मुळातच लांब असलेला फ्रॉक थेट घोट्यापर्यंत. पाऊल त्यात अडकलं. ती पुढे झुकली, वॉकर सरकला, मी धावलो, मॅडमनी मला हाताने अडवलं.

तिने एक हात सोडून बाक पकडला. थरथरत तिथेच उभी राहिली. मग दुसऱ्या हाताने फ्रॉक मुठीत गोळा केला, वर धरला, आणि चौथं पाऊल टाकून बाकावर बसली.

पोरांनी आरडाओरडा केला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी तिच्यापाशी गेलो, गुडघ्यावर बसलो आणि तिची दुमड सरळ करायला लागलो. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिने वाकून आपल्या पायांवर लोंबणारं कापड पाहिलं, दोन वर्षं पुढचं. मग माझ्याकडे. तोंड उघडलं. सगळा वर्ग थांबला होता, या वेळी कुणीही दुसरा विषय काढला नाही.

"पप्पा," ती म्हणाली. मग बराच वेळ पुढचा शब्द ओढत राहिली. "चांगला... टेलर... बघा."